बिलाचं भांडण नंतर, आधी पिल्लू घरी आणा

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. चार महिन्यांचं पिल्लू उंचावरून पडलं, पुढच्या पायाचं हाड मोडलं, बजेट कमी म्हणून ऑपरेशन न करता प्लास्टरच करायचं ठरलं आणि आता बिल तोंडी सांगितलेल्या आकड्याच्या दुप्पट, वर क्लिनिकवाले पैसे भरल्याशिवाय पिल्लू देणार नाही म्हणतात.

कडू भाग आधीच सांगतो. कायद्याच्या नजरेत पाळीव प्राणी म्हणजे मालमत्ता (हे लिहिताना मलाही बरं वाटत नाही), आणि क्लिनिकवाले भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम १७० चा आधार घेणार, ज्याने वस्तूवर कष्ट-कौशल्य लावलं त्याला मेहनताना मिळेपर्यंत ती ठेवून घेता येते. पण हा हक्क रास्त, देय रकमेपुरता, मनाला येईल त्या आकड्यासाठी नाही. आणि स्वतःच अडवून ठेवलेल्या दिवसांचं भाडं लावलं असेल तर त्यावर लेखी हरकत घ्याच.

तरी माझं ऐका, कोर्टाची तारीख थांबते, पिल्लाचं हाड थांबत नाही. या वयात ते काही आठवड्यांत जुळतं, वाकडं बसलं तर तसंच जुळतं, शिवाय पिल्लू वाढतं तसं प्लास्टर आवळायला लागतं. म्हणून आजच व्हॉट्सॲपवर लिहा की आयटमवार बिल द्या, मान्य रक्कम आत्ता देते, उरलेली हप्त्याने. नाहीच ऐकलं आणि कुठून तरी जमत असेल तर पूर्ण भरा, पण 'हक्क राखून, हरकतीसह भरत आहे' असं लिहून पाठवा आणि एक्स-रे, केसपेपर मागून घ्या. मग ग्राहक आयोगात जा, २ वर्षांची मुदत आहे, वकील लागतोच असं नाही, १९१५ हेल्पलाईनवर विचारा. तोंडी ठरलेलंही कायद्याने चालतं, फक्त सिद्ध करावं लागतं, म्हणून जुने मेसेज डिलीट करू नका.

'तिथेच सोडून आले तर?' असं विचारलंत. नको ताई. बिल सुटत नाही, आणि १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने त्याची काळजी घेणं तुमचं कर्तव्य आहे. त्याच कायद्याचं हे कलम ३ सध्या पिल्लू ज्यांच्या ताब्यात आहे त्या क्लिनिकलाही लागू होतं, हे मेसेजमध्ये लिहाच. भेटायला गेलात की प्लास्टरबाहेर दिसणारी मधली दोन बोटं बघा, सुजून फाकली असतील किंवा गार लागली तर फोटो काढा आणि तिथल्या तिथे डॉक्टरांना उघडून बघायला लावा.