जुनी मोठी यॉट घेऊन ती आतून हवी तशी बदलता येते का?

तुमचा प्रश्न असा आहे: तुम्ही नागपुरात इंटिरियर डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला आहात, पन्नासेक मीटरच्या जुन्या मोटर यॉटचे 'आधी आणि नंतर'चे व्हिडिओ पाहता, आणि तुम्हाला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. आत हवं ते बदलता येतं का, त्याला इतका पैसा काहून लागतो, आणि नागपुरात बसून हे काम करता येईल का. मी नेमकं हेच काम करतो. भूमध्य समुद्राकाठच्या यार्डांत (जहाजांच्या कारखान्यांत) रिफिटला, म्हणजे दुरुस्ती-नूतनीकरणाला, आलेल्या बोटींच्या आतल्या लाकूडकामाची ड्रॉइंग्ज इथे, नागपुरात बनवतो. बाहेर मे महिन्याचं ४५ डिग्री आणि स्क्रीनवर मालकाच्या केबिनमधला बाथटब, असा प्रकार असतो.

पहिल्याचं उत्तर: डोळ्यांना दिसतं ते जवळपास सगळं बदलता येतं. सोफे, पलंग, भिंतींचं व्हिनियर, सीलिंग, दिवे, बाथरूम, अख्खा सलून, म्हणजे बसाउठायचा मोठा हॉल. पण तुमचा सुंदर रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरवर काढलेलं चित्र, यार्डात पोचला की तिथला नेव्हल आर्किटेक्ट, म्हणजे बोटीचा ढाचा आणि तोल पाहणारा इंजिनिअर, रंगसंगतीवर एक अक्षर बोलत नाही. तो विचारतो, किती किलो, आणि कोणत्या डेकवर?

मार्बलच घ्या. घरी आपण चौरस फुटाचा भाव विचारतो. इथे चौरस मीटरचं वजन विचारतात. २० मिलिमीटर जाडीचा मार्बल चौरस मीटरला साधारण ५४ किलो भरतो. वरच्या डेकवर ३० चौरस मीटर फ्लोअरिंग टाकलं तर १,६०० किलोच्या वर गेलात, चिकटवायचा माल वेगळाच. म्हणून दगडाचा ४-५ मिलिमीटरचा काप काढून तो ॲल्युमिनियमच्या हनिकोंब, म्हणजे आतून मधाच्या पोळ्यासारख्या पोकळ, पॅनेलवर चिकटवतात. तेच काम चौरस मीटरला १६-१८ किलोंत होतं. वरून पाहणाऱ्याला काही कळत नाही. टाचेने ठोकून पाहणाऱ्याला कळतं, आवाज पोकळ येतो. खरी कसरत असते कडेला. अख्ख्या दगडाला गोलाई मारता येते, चार मिलिमीटरच्या कापाला येत नाही. मग कडा ४५ अंशांत कापून दोन काप असे जोडायचे की दगडाची शीर एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर न तुटता उतरली पाहिजे. एका वॉशबेसिनच्या काउंटरला अख्ख्या भिंतीपेक्षा जास्त ड्रॉइंग्ज लागतात ती यामुळे.

एवढा किलोंचा ध्यास कशासाठी? वजन वाढलं की बोट नुसती खाली बसत नाही. ते वजन वर वाढलं तर गुरुत्वमध्य वर सरकतो, आणि लाटेने झुकल्यावर परत सरळ व्हायची तिची ताकद कमी होते. हे अंदाजावर सोडत नाहीत. मोठे बदल झाल्यावर बोट शांत पाण्यात उभी करतात, टाक्यांत किती इंधन, किती पाणी याची नोंद घेतात, नको असलेली माणसं खाली उतरवतात. मग डेकवर ठेवलेली मोजकी वजनं एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे हलवतात. आत कुठेतरी लांब तारेला ओळंबा टांगलेला असतो. तो हेलकावू नये म्हणून त्याचं टोक तेलाच्या किंवा पाण्याच्या बादलीत बुडवलेलं, आणि मागे मोजपट्टी. वजन हललं की बोट किंचित कलते, ओळंबा पट्टीवर काही मिलिमीटर सरकतो, आणि तेवढ्यावरून गुरुत्वमध्य किती उंचीवर आहे ते काढतात. शे-पाचशे टनांच्या, कोट्यवधी रुपयांच्या बोटीचा निकाल गवंड्याच्या ओळंब्यावर लागतो, याची मला अजून गंमत वाटते. प्रवासी जहाजांच्या आंतरराष्ट्रीय नियमांत तर रिकाम्या जहाजाचं वजन २ टक्क्यांहून जास्त बदललं की ही परीक्षा परत द्यावी लागते.

आता भिंती. "ही भिंत पाडून दोन केबिनची एक करू" हे दर दुसऱ्या मालकाला सुचतं. साधं पार्टिशन असेल तर हरकत नाही. जलरोधक बल्कहेड, म्हणजे बोटीचे पाणीबंद भाग पाडणारी भिंत, असेल तर विषय संपला. बोटीला भोक पडलं तर पाणी किती भागात शिरेल हे त्या भिंतीवर ठरलेलं असतं. तिसरा प्रकार आगरोधक भिंतींचा. ए-६० दर्जाची भिंत म्हणजे एका बाजूला प्रमाणित भट्टीची आग लावली तरी ६० मिनिटं ज्वाळा आणि धूर पलीकडे जाता कामा नये, आणि पलीकडच्या बाजूचं तापमान सरासरी १४० अंशांपेक्षा जास्त वाढता कामा नये. अशा भिंतीतून तुम्हाला दिव्याची एक वायर जरी न्यायची असली तरी ती कशातून, कोणत्या मान्यताप्राप्त सीलने, याचा कागद लागतो. आणि पाहुण्यांच्या केबिन वाढवायची घाई करू नका. १२ पेक्षा जास्त प्रवासी घेतले की बोट यॉटच्या नियमांतून उठून प्रवासी जहाजाच्या नियमांत जाऊन बसते. म्हणूनच इतक्या यॉटवर सहा केबिन दिसतात, सातवी नाही.

मागचा भाग लांबवणं, पाण्यालगत उघडणारा बीच क्लब काढणं, हेलिकॉप्टरसाठी डेक करणं हेही होतं. ते मात्र इंटिरियरवाल्याच्या हातातलं नाही, आणि लांबी-आकार बदलला की टनेज, म्हणजे बोटीतल्या बंद जागेचं माप (वजन नव्हे), परत मोजावं लागतं. ५०० ग्रॉस टनाची रेषा ओलांडली की नियम एकदम कडक होतात, म्हणून ४९० च्या घरातले मालक एकेका बंद जागेचा हिशेब करत बसतात.

दुसरा प्रश्न पैशांचा. इथे थोडा वेळ घेतो, कारण व्हिडिओत हे कधीच दिसत नाही.

१९४३ मधलं स्टॉर्मॉन्ट हे कॅनडाच्या नौदलाचं फ्रिगेट. युद्ध संपल्यावर ग्रीक जहाजमालक ॲरिस्टॉटल ओनासिसने ते ३४ हजार डॉलरला, म्हणजे भंगाराच्या भावात घेतलं, आणि १९५४ मध्ये जर्मनीतल्या कील बंदरात त्याची ९९ मीटरची 'क्रिस्टिना' करून घेतली. तलावाचा मोझॅइकचा तळ वर उचलला की तिथे नाचायचा फ्लोअर तयार, वगैरे. त्या कामाला सुमारे ४० लाख डॉलर लागले असं सांगतात. बोट स्वस्त मिळाली म्हणजे काम स्वस्त होतं, असा समज असेल तर हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. वर त्याला एक सोय होती. युद्धनौकेवरच्या तोफा उतरल्या की वरचं बरंच वजन आपोआप गेलं. आजच्या यॉटवरून उतरवायला तोफा नसतात.

आजचा पैसा जातो तो झाकलेल्या गोष्टींत. समजा बाहेर डेकवर एक नवीन क्रेन बसवायची आहे, चार ब्रॅकेट वेल्ड करायचे आहेत. त्या डेकच्या खाली कुणाची तरी केबिन आहे. वेल्डिंगच्या उष्णतेने सीलिंगच्या आतलं इन्सुलेशन, वायरी, व्हिनियर सगळं जळेल. म्हणून आधी केबिनचं सीलिंग उतरवा, भिंतींची पॅनेलं काढा, प्रत्येकावर नंबर टाका, फोटो काढा, आणि सगळं वातानुकूलित गोदामात नेऊन ठेवा. उघड्या शेडमध्ये ठेवलं तर दमट हवेने लाकूड फुगतं आणि परत त्या जागी बसत नाही. मग वेल्डिंग, आणि ते चालू असेपर्यंत खाली आग विझवायचं सामान घेऊन उभा एक माणूस. मग परत रंग, इन्सुलेशन, पॅनेलं. चार ब्रॅकेटचं बिल असं वाढतं. त्यात बऱ्याच यॉटचं खालचं अंग स्टीलचं आणि वरचे मजले ॲल्युमिनियमचे असतात. हे दोन धातू एकमेकांना थेट वेल्ड होत नाहीत. मधे स्फोटाच्या दाबाने जोडलेली दोन धातूंची तयार पट्टी असते. तिच्या आसपास काम निघालं की वेल्डर अर्ध्या वेगाने काम करतो, आणि त्याने तसंच करावं.

रंगकाम हा दुसरा मोठा खड्डा. गाडीला लांबी भरून घासतात तसंच इथे फिलर भरतात, फक्त पन्नास मीटर लांबीवर, आणि दोन माणसं दोन टोकांना धरतील एवढ्या लांब, लवचिक फळीने घासून. सगळी बोट मचाण बांधून तंबूत घेतात. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश वर असल्याशिवाय रंग मारत नाहीत, नाहीतर डोळ्यांना न दिसणारा ओलावा रंगाखाली अडकतो. आणि रंगवाले तंबूत असताना दुसऱ्या कुणालाही तिथे धूळ करता येत नाही. मग सुतार, वेल्डर, इलेक्ट्रिशियन सगळे आपापल्या तारखेसाठी भांडतात.

तारखेचंही एक आहेच. भूमध्य समुद्रातला हंगाम उन्हाळ्याचा, म्हणून सगळ्यांना रिफिट हिवाळ्यात हवं. बार्सिलोना, ला सिओटा, जेनोवा, पाल्मा इथल्या यार्डांत त्या महिन्यांत जागा मिळवायलाच आधीपासून नंबर लावावा लागतो. दर पाच वर्षांनी क्लासिफिकेशन सोसायटीचा, म्हणजे बोट तपासून दाखला देणाऱ्या संस्थेचा, मोठा सर्व्हे असतो. पत्र्याची जाडी अल्ट्रासाउंडने मोजतात, पंखा फिरवणारा शाफ्ट बाहेर काढून पाहतात. शहाणे मालक इंटिरियरचं काम त्याच वेळी काढतात, कारण बोट तशीही उघडलेली असते. पत्रा पातळ निघाला तर तो बदलावाच लागतो, आणि तो तुमच्या नव्याकोऱ्या वॉर्डरोबच्या मागेच असतो. माझं मत विचाराल तर पाचवा हिस्सा रक्कम 'काय निघेल कोण जाणे' या खात्यात बाजूला ठेवल्याशिवाय जुन्या बोटीला हात लावू नये. आणि नवी बांधण्यापेक्षा रिफिट स्वस्त पडतंच असं मी म्हणणार नाही. वेळ मात्र नक्की वाचतो. त्या आकाराची नवी, मागणीप्रमाणे बांधलेली यॉट मिळायला काही वर्षं जातात, रिफिट महिन्यांच्या हिशेबात होतं.

सागाचं तुम्ही विचारलं नाही, पण नागपूरचा माणूस आज ना उद्या विचारतोच. आपला सीपी टीक, म्हणजे जुन्या मध्य प्रांतातला साग, नव्या संसद भवनात गेला, चंद्रपूरचा साग अयोध्येच्या दारांना गेला, मग यॉटच्या डेकला का जात नाही? डेकला लांब, सरळ रेषांचा, गाठ नसलेला साग लागतो, आणि या धंद्याला पिढ्यानपिढ्या म्यानमारच्या जंगलातल्या सागाची सवय आहे. २०२१ च्या लष्करी उठावानंतर अमेरिका आणि युरोपीय संघाने तिथल्या सरकारी लाकूड कंपनीवर निर्बंध घातले आणि ती वाट बंद झाल्यासारखी झाली. आता यार्डं लागवडीचा साग, प्रक्रिया केलेली दुसरी लाकडं, कृत्रिम डेक असं सगळं वापरून पाहतात. लाकूड कुठल्या जंगलातून, कोणत्या परवान्याने आलं याचा अखंड कागद दिला नाही तर नागपूरच्या लकडगंजमधला कितीही देखणा गोल लठ्ठा त्यांच्या उपयोगाचा नाही. मला स्वतःला आपला साग एकदा तरी डेकवर पाहायचा आहे, पण ते काम डिझायनरचं नसून कागदपत्रं सांभाळणाऱ्याचं आहे.

आता तिसरा प्रश्न. हो, नागपुरात बसून करता येतं. यार्डातली माणसं उघडलेली केबिन लेझर स्कॅनरने मोजतात आणि कोट्यवधी बिंदूंची फाइल पाठवतात. त्यावर आपण ऱ्हायनो किंवा ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये पॅनेलं बसवतो. कॉलेजात शिकलेली एक सवय मात्र आधी सोडावी लागेल: काटकोन. डेकला मध्यभागी उंचवटा असतो, पुढे-मागे चढ असतो, बाजूची भिंत आत झुकलेली असते. आणि स्पिरिट लेव्हल तर विसराच. तरंगत्या बोटीवर इंधन एका टाकीतून दुसऱ्या टाकीत गेलं की 'सपाट' बदलतं. सुतार बोटीवर आखून घेतलेल्या मध्यरेषेपासून आणि एका ठरलेल्या आडव्या रेषेपासून सगळं मोजतात. शिवाय गोदीत ठोकळ्यांवर उभी असताना बोटीचं अंग किंचित वेगळं वाकलेलं असतं. पाण्यात उतरली की काही दारं घासायला लागतात, म्हणून दारांची शेवटची जुळवणी पाण्यात उतरल्यावरच करतात.

अर्ज करताना रेंडर पाठवू नका, त्यांच्याकडे तसले ढिगाने येतात. एक छोटी केबिन घ्या, तीन मीटर बाय चारची. तिची प्रत्येक भिंत, पलंगाचा ढाचा, कपाट, सीलिंग, काउंटर यांचं साहित्य, जाडी आणि किलो लिहिलेलं वजनपत्रक करा. व्हिनियरखाली मरीन प्लाय न घेता हलकं पॉप्लर प्लाय किंवा हनिकोंब घेतलं तर किती किलो उतरतात ते दुसऱ्या रकान्यात दाखवा. आणि सीलिंगच्या ड्रॉइंगवर एसीच्या फॅन कॉइलपर्यंत हात जाईल असं उघडणारं पॅनेल दाखवायला विसरू नका. फिल्टर साफ करायला क्रूचा माणूस तिथे दर थोड्या दिवसांनी चढणार आहे. हे पॅनेल ज्याच्या ड्रॉइंगवर असतं त्याला माझे वरिष्ठ फोन करतात.