रात्री गाणं दबकं का वाटतं?

प्रश्न : दुपारी खणखणीत वाजणारं गाणं रात्री दबकं वाटतं. स्पीकर बिघडला का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : स्पीकर लगेच दुरुस्तीला नेऊ नका. नेटवरून गाणी ऐकवणाऱ्या अ‍ॅपमध्ये आवाजाचा दर्जा ‘ऑटोमॅटिक’ असेल, तर रात्री नेटवर गर्दी झाली की ३२० केबीपीएसचं (सेकंदाला ३२० किलोबिट माहिती; आकडा मोठा तितका दर्जा वरचा) गाणं ९६ वरही उतरू शकतं. टाळ-झांजांची किणकिण आधी चरचरीत होते. वाय-फाय आणि मोबाइल डेटा, दोन्हींसाठी दर्जा बहुधा वेगवेगळा निवडावा लागतो, तिथेच गफलत होते. ३२० ला तासाला साधारण १४४ एमबी जातात.

आता तेच गाणं वरच्या दर्जात डाउनलोड करून, नेट बंद ठेवून ऐका. तरी दबकंच? मग नेट निर्दोष. रात्री शेजाऱ्यांसाठी आपण आवाज कमी करतो, आणि कमी आवाजात कानाला खर्ज फारच कमी ऐकू येतो. दुपारइतका आवाज ठेवूनच तुलना करा.