अंदमानला जाताय? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : फेब्रुवारीत नील (शहीद द्वीप) आणि हॅवलॉकला (स्वराज द्वीप) जाणार आहोत. पोहता येत नाही, पण स्नॉर्कलिंग करायचंय. प्रवाळाला इजा होऊ नये म्हणून काय करावं? – एक वाचक, नाशिक

मास्कमध्ये पाणी शिरलं की नवखा माणूस घाबरून उभा राहायला बघतो आणि पाय थेट प्रवाळावर पडतो. फांद्यांचं प्रवाळ वर्षाला काही सेंटिमीटरच वाढतं, गोलसर दगडासारखं दिसणारं त्याहूनही हळू. एका पायाखाली अनेक वर्षांची वाढ मोडते.

म्हणून मास्क आधी तपासा. पट्टा न लावता तो चेहऱ्याला टेकवा आणि नाकाने हलका श्वास आत ओढा. हात सोडल्यावरही चिकटून राहिला तर माप बरोबर. कडेखाली केस अडकू देऊ नका. मग कमरेइतक्या पाण्यात, खाली नुसती वाळू असेल तिथे, नळीने श्वास घ्यायचा सराव करा. लाइफ जॅकेट घालाच. फिन्स (पायात घालायची पोहण्याची पाती) मात्र नकोत. सवय नसलेल्याच्या लाथेने फांद्या तुटतात आणि उडालेली वाळू प्रवाळावर बसते. वेळ भरतीच्या आसपासची निवडा, कारण ओहोटीत पोट आणि प्रवाळ यांच्यात अंतरच उरत नाही.

सनस्क्रीन कमीत कमी लागावं म्हणून पूर्ण बाह्यांचा स्विमसूट घ्या. चेहऱ्याला झिंक ऑक्साइडचं लावा. ऑक्सिबेन्झोन किंवा ऑक्टिनॉक्सेट ही प्रवाळाला अपायकारक मानली जाणारी रसायनं असलेलं टाळा.

नीलचा नैसर्गिक पूल (खडकाची कमान) ओहोटीतच गाठता येतो. तिथे काही गाइड समुद्रकाकडी (काकडीसारखा दिसणारा समुद्री जीव) उचलून पर्यटकांच्या हातात देतात. हे थांबायलाच हवं! तिच्या अनेक जाती घाबरल्या की स्वतःची आतडी बाहेर टाकतात. ‘काही उचलून दाखवू नका’ असं निघण्यापूर्वीच सांगा. चालताना डबक्यांत पाय न घालता उघड्या खडकावर ठेवा. घट्ट पकडीचे बूट हवेत.

प्रश्न : किनाऱ्यावर पडलेला वाळका प्रवाळ किंवा शिंपला आणला तर चालेल का? – एक वाचक, सांगली

नाही. प्रवाळ मेलेलं असलं तरी 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं. काही शंख-शिंपल्यांनाही तेच लागू आहे. विमानतळावर सामान तपासताना ते सापडतं. शिवाय रिकामा शंख म्हणजे शंखातल्या खेकड्याचं घर. वस्तू हवीच असेल तर परवाना असलेल्या दुकानातून, पावतीसह घ्या.

प्रश्न : सेल्युलर जेल पाहून झाल्यावर एजंट बाराटांगची सहल सुचवतोय, ‘वाटेत जारवा दिसतील’ म्हणतो. जावं का? – एक वाचक, ठाणे

असं सांगून सहल विकणाऱ्याकडून काहीही घेऊ नका. अंदमान ट्रंक रोड जिरकाटांगच्या पुढे जारवा या आदिवासी जमातीच्या राखीव जंगलातून जातो. गाड्या ठरलेल्या वेळी ताफ्याने सोडतात. थांबणं, फोटो किंवा व्हिडिओ काढणं, खाऊ देणं हे सगळं गुन्हा आहे. त्यामागे ठोस कारण आहे : बाहेरच्या आजारांची प्रतिकारशक्ती या लोकांत कमी आहे. 1999 मध्ये त्यांच्यात गोवराची साथ पसरली होती. बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा पाहायच्याच असतील तर फोन पिशवीत ठेवा, मुलांच्या हातात बिस्किटं नकोत, आणि ‘गाडी हळू करू नका’ असं ड्रायव्हरला सुरुवातीलाच बजावा. गुहांची विशेष ओढ नसेल, तर तो दिवस आम्ही नीलला देऊ.

प्रश्न : उन्हाळ्यात गेलो तर पाण्याचे हाल होतात का? – एक वाचक, पुणे

पावसाळ्यात तिथे धो धो पाऊस पडतो, पण जानेवारी ते एप्रिल कोरडे जातात. पोर्ट ब्लेअरची (श्री विजयपुरम) भिस्त मुख्यतः धनिखाडी धरणावर आहे; मार्च-एप्रिलमध्ये स्थानिकांना नळाचं पाणी रोज मिळेलच असं नाही. बादलीने अंघोळ करा, चादरी-टॉवेल रोज बदलू नका म्हणून सांगा, आणि बाटली हॉटेलच्या फिल्टरवर भरून घ्या.