झॅन्थनचा लेप देऊनही ट्रायटनने लायपोसोम का विरघळतात?

कोल्हापुरात एम.एस्सी. प्रकल्प करताना तुम्ही सोया लेसिथिनच्या लायपोसोममध्ये (मेदाच्या पडद्याच्या सूक्ष्म पिशव्यांत) झॅन्थन (जिवाणूंनी बनवलेला लांब साखळीचा डिंक) मिसळलंत आणि ट्रायटन एक्स-100 हा अपमार्जक (डिटर्जंट) टाकताच द्रावण निवळलं, म्हणजे लायपोसोम विरघळले. बहुधा लेप बसलेलाच नाही. झॅन्थनवर ऋण भार, लेसिथिनचा पृष्ठभाग जवळपास उदासीन किंवा तोही ऋण. धरायला काही नाही. (गुऱ्हाळावर उसाच्या शिळ्या रसाला तार सुटते, ते जिवाणूंचं डेक्स्ट्रान. त्यावर भारच नसतो, म्हणून तेही नुसतं मिसळून चिकटत नाही.)

लिपिडमध्ये 10-20 मोल टक्के डीओटॅप हा धन भाराचा लिपिड घाला, म्हणजे झॅन्थनला धरायला जागा मिळेल. 0.05 टक्के झॅन्थन ढवळत ठेवून त्यात लायपोसोम थेंबथेंब सोडा. उलटं केलंत तर एकेक साखळी अनेक लायपोसोमना धरते आणि पिंजलेल्या कापसासारखे पुंजके तळाशी बसतात. बफर 10 मिलिमोलरच्या आत ठेवा, मीठ वाढलं की पकड सुटते. झीटा पोटेन्शियल (कणाच्या पृष्ठभागाचा भार दाखवणारं माप) धनाकडून ऋणाकडे गेलं की लेप बसला समजा.

लायपोसोम टिकले की विरघळले हे ठरवायला नुसत्या गढूळपणावर विसंबू नका, पुंजकेही तो वाढवतात. लायपोसोमच्या आत 50 मिलिमोलर कार्बॉक्सिफ्लुरोसिन (आत दाटीत चमक दबलेला, बाहेर गळताच चमकणारा रंग) भरा, बाहेर साखरेने ऑस्मोटिक दाब जुळवा आणि गळती 492/517 नॅनोमीटरवर (उद्दीपन/उत्सर्जन) मोजा. तुलनेला डीओटॅपचेच, पण बिनलेपाचे लायपोसोम हवेत. लेप सच्छिद्र असतो, ट्रायटनचे सुटे रेणू आत शिरतातच. म्हणून शेवटच्या आकड्यापेक्षा गळतीचा वेग बघा.