झडपा समजून घेताना आधी दाब पाहावा
हृदयाचा अभ्यास नव्याने सुरू करताना चार झडपांची नावे घोकण्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्यावी: झडपा स्वतःहून हलत नाहीत, त्यांच्या दोन्ही बाजूंच्या दाबांतील फरकच त्यांना उघडतो आणि मिटवतो. डावे निलय (हृदयाचा खालचा, रक्त बाहेर ढकलणारा कप्पा) आकुंचन पावू लागताच त्यातील दाब डाव्या अलिंदातील (वरच्या कप्प्यातील) दाबापेक्षा वाढतो व या दोहोंमधली द्विदल झडप मिटते. मात्र महाधमनीची (डाव्या निलयातून रक्त शरीराकडे नेणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीची) झडप लगेच उघडत नाही, कारण महाधमनीत आधीच पाऱ्याच्या सुमारे ८० मिलिमीटर इतका दाब असतो आणि तो ओलांडला जाईपर्यंत, अगदी क्षणभर, दोन्ही झडपा बंद राहतात. नवशिके नेमका हाच क्षण गाळतात, आणि मग दाबाचे आलेख त्यांना उगाचच अवघड वाटू लागतात. द्विदल झडपेला जोडलेले तंतू तिला ओढून उघडतात, असा समज करून घेऊ नये. तिची पाती अलिंदात उलटू न देणे एवढेच त्यांचे काम आहे. स्टेथोस्कोपमधून ऐकू येणारे दोन्ही ठोके झडपा मिटण्याशी निगडित असतात. निरोगी झडप उघडताना सहसा ऐकू येत नाही. उजव्या बाजूचा क्रम तोच, दाब मात्र बराच कमी असतो.