वाचक विचारतात : पेरूतील इंका स्थळे आणि खासगी मार्गदर्शक

स्पॅनिश येण्यापूर्वी पेरूत राज्य करणाऱ्या इंकांची स्थळे पाहायला जाण्याच्या बेतात असलेल्या नाशिककर वाचकांची पत्रे अलीकडे आमच्याकडे बरीच आली. गटासोबत जावे की केवळ आपल्या कुटुंबापुरती गाडी आणि मार्गदर्शक घ्यावा, हा त्यांतील बहुतेकांचा मुख्य प्रश्न आहे. त्यांपैकी निवडक प्रश्न उत्तरांसह देत आहोत.

प्रश्न : मी आणि माझे आई-बाबा अशा तिघांसाठी एका प्रवास कंपनीने मे महिन्यातील सहा दिवसांच्या खासगी सहलीचा आराखडा दिला आहे. पहिले दोन दिवस कुस्को शहर, तिसऱ्या दिवशी संपूर्ण ‘पवित्र दरी’, चौथ्या दिवशी माचू पिचूला जाऊन-येऊन, पाचव्या दिवशी इंद्रधनुष्यी डोंगर आणि सहाव्या दिवशी परत. दर गटसहलीच्या जवळजवळ दुप्पट आहे. बाबा रक्तदाबाची गोळी घेतात आणि आईला इंग्रजी फारसे समजत नाही. एवढे पैसे मोजावेत का? — एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : मोजावेत, पण या आराखड्यासाठी नव्हे. यात मोटार तेवढी खासगी आहे. क्रम आणि घाई गटसहलीचीच आहे.

आधी उंचीचा विचार करू, कारण बाकी सर्व त्यावर ठरते. कुस्को समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहूनही उंच. लिमाहून निघालेले विमान प्रवाशाला समुद्रसपाटीवरून सव्वा तासात तेथे नेऊन सोडते आणि शरीराला जुळवून घ्यायला अवधीच मिळत नाही. याउलट उरुबांबा नदीच्या खोऱ्यातील, म्हणजेच पवित्र दरीतील, ओयांतायतांबो हे गाव सुमारे २,८०० मीटरवर आहे आणि माचू पिचू ही इंकांची डोंगरावरील वस्ती तर त्याहूनही खाली, २,४३० मीटरवर आहे. तेव्हा विमानतळावरून थेट गाडीने दरीत उतरावे, पहिले दोन-तीन मुक्काम तेथे करावेत, मग माचू पिचू पाहावे आणि कुस्को शेवटी ठेवावे. गटसहलीला हॉटेलांच्या आणि बसच्या सोयीमुळे हा क्रम बदलता येत नाही. आपल्याला येतो, आणि दुप्पट दराचे पहिले समर्थन हेच आहे.

इंद्रधनुष्यी डोंगर आराखड्यातून काढून टाकावा. तो ५,००० मीटरपेक्षा उंच आहे, इंका स्थापत्याशी त्याचा संबंध नाही, आणि रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या ज्येष्ठांना तेथे नेण्याचा सल्ला आम्ही देणार नाही. त्यामुळे वाचलेला दिवस दरीला द्यावा. पिसाक, ओयांतायतांबो आणि चिंचेरो ही तीन स्थळे मधल्या भरपेट जेवणासह एका दिवसात उरकणे हा तेथील गटसहलींचा ठरलेला परिपाठ आहे, आणि त्यात पिसाकच्या डोंगरउतारावरील पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतांकडे नीट पाहायलाही वेळ उरत नाही. खासगी मार्गदर्शकासोबत पिसाकला सकाळी, बसगाड्या पोहोचण्यापूर्वी जाता येते. दुसरा दिवस मोरायची वर्तुळाकार उतरती शेते आणि मारासची मिठागरे यांसाठी ठेवावा. मोराय येथे इंकांची शेतीची प्रयोगशाळा होती असे मार्गदर्शक ठामपणे सांगतात. वरच्या आणि खालच्या पायऱ्यांवरील तापमानात फरक पडतो हे खरे असले, तरी प्रयोगशाळा हा अभ्यासकांचा तर्क आहे, एवढे ध्यानात ठेवून ऐकावे. मारासला डोंगरातून येणाऱ्या खाऱ्या झऱ्याचे पाणी हजारो लहान वाफ्यांत खेळवून आजही मीठ काढले जाते.

ओयांतायतांबोला मात्र अर्धा दिवस अपुरा आहे. गावाच्या जुन्या भागाची आखणी इंकाकालीन असून त्या दगडी भिंतींच्या आत आजही कुटुंबे राहतात आणि गल्लीच्या कडेच्या पाटांतून पाणी वाहते. बाजूच्या डोंगरावरील मंदिराकडे उभ्या पायऱ्या जातात. वर गुलाबी छटेच्या दगडाच्या सहा अजस्र शिळा उभ्या आहेत आणि त्या आणल्या कोठून, हे वरूनच बोटाने दाखवता येते : नदीपलीकडच्या डोंगरातील खाणीतून. न पोहोचलेले काही दगड अजून वाटेवर पडून आहेत आणि स्थानिक लोक त्यांना ‘थकलेले दगड’ म्हणतात. मांको इंका या राजाने येथेच १५३७ च्या सुमारास एर्नांदो पिसारोच्या स्पॅनिश तुकडीला माघार घ्यायला लावली होती. बाबांना इतक्या पायऱ्या चढणे सोसणार नसेल, तर त्यांनी खाली गल्ल्यांतून फिरावे आणि आपण वर जाऊन यावे. मार्गदर्शक फक्त तिघांसाठी असेल, तर अशी विभागणी करणे अवघड नाही.

आईंच्या भाषेची अडचण हेही खासगी मार्गदर्शक घेण्याचे चांगले कारण आहे. मराठी किंवा हिंदी बोलणारा मार्गदर्शक मिळेल अशी आशा धरू नये; इंग्रजीत बोलणारा मिळेल. गटात तो थांबत नाही. आपल्यासोबत असताना तो दोन वाक्ये बोलून थांबेल, आपण आईला मराठीत सांगाल, मग आई प्रश्न विचारतील आणि तो प्रश्न पुन्हा त्याच्यापर्यंत जाईल. ही देवाणघेवाण हवी आहे, असे नोंदणी करतानाच कळवावे, म्हणजे घाईने पाठ म्हणून दाखवणारा माणूस कंपनी पाठवणार नाही.

कंपनीकडून पुढील बाबी लेखी घ्याव्यात. मार्गदर्शकाकडे पेरूचे अधिकृत ओळखपत्र आहे का. तो सर्व दिवस एकच राहील की दररोज बदलेल. पिसाक, ओयांतायतांबो, मोराय, साक्सायवामान आदी स्थळांचे दहा दिवस चालणारे एकत्रित तिकीट दरात धरले आहे का. आणि ‘कोरिकांचा’ हे कुस्कोतील सूर्यमंदिर, मारास व माचू पिचू त्या तिकिटात येत नसल्याने त्यांचे प्रवेशशुल्क कोण भरणार. लोकर आणि चांदीच्या दुकानांतील सक्तीचे थांबे नकोत, हेही लिहून घ्यावे. खासगी गाडीही अशा दुकानापाशी आपसूक थांबते, हा अनुभव आपल्याला राजस्थानात आलेलाच असतो.

बाबांच्या गोळीबाबत निर्णय त्यांच्या डॉक्टरांचाच. विरळ हवेच्या त्रासावर प्रतिबंधक म्हणून दिले जाणारे ॲसिटाझोलामाइड सर्वांना चालत नाही. विशेषतः सल्फा औषधांची ॲलर्जी असल्यास ते डॉक्टरांना आधी सांगावे. पहिल्या दिवशी चढ चढू नये, मद्य टाळावे, जेवण हलके असावे. डोकेदुखी वाढत गेली, उलट्या होऊ लागल्या, बसल्या जागी दम लागला किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर सहलीचा विचार सोडून ताबडतोब कमी उंचीवर उतरावे आणि डॉक्टरांना दाखवावे. स्वतःची गाडी सोबत असण्याचा उपयोग अशा वेळी कळतो.

प्रश्न : खासगी सहल घेतल्यास माचू पिचू येथे रांगेशिवाय प्रवेश आणि हवा तेवढा वेळ मिळतो, असे आम्हाला सांगण्यात आले. हे खरे आहे का? — एक दांपत्य, इंदिरानगर

उत्तर : नाही. तेथील तिकीट प्रवाशाच्या नावाने आणि पारपत्र क्रमांकाने निघते, प्रवेशाची वेळ ठरलेली असते आणि दररोजच्या प्रवाशांच्या संख्येवर मर्यादा आहे. २०२४ पासून तीन परिक्रमा-मार्ग आणि त्यांचे उपमार्ग लागू आहेत. ज्या मार्गाचे तिकीट असेल त्याच मार्गाने एकाच दिशेने चालावे लागते आणि बाहेर पडल्यावर पुन्हा आत सोडत नाहीत. कितीही पैसे मोजले तरी हा नियम बदलत नाही.

म्हणूनच तिकिटावरील मार्गाचा आकडा पाहिल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये. पहिला मार्ग वरच्या पायऱ्यांवरून प्रसिद्ध छायाचित्रातील दृश्य दाखवतो, पण वस्तीत उतरत नाही. तिसरा खालच्या भागातून जातो. दुसऱ्यात दृश्य आणि वस्ती दोन्ही मिळतात, त्यामुळे प्रथमच जाणाऱ्यांनी तोच मागावा. मागणीही त्यालाच अधिक असल्याने तो लवकर संपतो. वायना पिचूचे उभे शिखर चढायचे असल्यास तिकीट वेगळे आणि ते तिसऱ्या मार्गाशी जोडलेले आहे. मूळ पारपत्र जवळ ठेवावे, झेरॉक्स चालत नाही. स्वच्छतागृह प्रवेशद्वाराबाहेरच आहे, हे ज्येष्ठांनी लक्षात ठेवावे. आग्वास कालिएंतेस या पायथ्याच्या गावापर्यंत मोटाररस्ता नसल्याने ओयांतायतांबोहून रेल्वेने जाणेच सोयीचे. आदल्या रात्री त्या गावात मुक्काम केला, तर सकाळच्या वेळेचे तिकीट घेता येते आणि त्याच दिवशी परतण्याची धावपळ टळते.

प्रश्न : मी निवृत्त स्थापत्य अभियंता आहे. इंकांनी दगड वितळवून भिंती घातल्या, किंवा ते काम परग्रहवासीयांचे होते, अशा चित्रफिती मला सतत येतात. प्रत्यक्ष तेथे काय पाहावे, म्हणजे खरे काय ते कळेल? — एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : दगडाचा पृष्ठभाग पाहावा, आणि तोही कलत्या उन्हात. इंकांच्या घडीव भिंतींवर बारीक खळगे दिसतात. दगडाच्या मध्यभागी ते मोठे असतात आणि कडेकडे येताना लहान होत जातात. कारण मोठ्या हातोडी-दगडाने भरड काम करून, सांध्याजवळ लहान गोटा हलक्या हाताने चालवला जाई. वास्तुशास्त्राचे अभ्यासक ज्याँ-पियेर प्रोत्झेन यांनी अशाच कठीण गोट्यांनी दगड ठोकून पाहिले आणि लोखंडाशिवाय असा चेहरा व अशी कड काढता येते, हे दाखवले. इंकांना लोखंड माहीत नव्हते, हे येथे महत्त्वाचे. त्रिरश्मी लेण्यांतील भिंतींवर छिन्नीचे लांबट घाव ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना कुस्कोच्या भिंतीवरील हे गोल खळगे पाहताक्षणी वेगळे जाणवतील.

सगळ्या भिंती अशा नाहीत, हेही मार्गदर्शकाकडून दाखवून घ्यावे. देवळे आणि राजवाडे यांच्यासाठी विनाचुन्याचे घट्ट सांधे. साध्या घरांसाठी आणि शेतांच्या बांधांसाठी मातीत बसवलेले ओबडधोबड दगड. कुस्कोजवळील साक्सायवामान येथील तीन थरांच्या नागमोडी तटातील सर्वांत मोठा दगड १०० टनांपेक्षा जड असल्याचा अंदाज आहे. तो चुनखडीचा असून ती खडकजात त्याच परिसरातली आहे. कुस्कोतील ‘कोरिकांचा’ या सूर्यमंदिरावर स्पॅनिशांनी सांतो दोमिंगोचा मठ बांधला. १९५० च्या भूकंपात वरच्या वसाहतकालीन बांधकामाची मोठी हानी झाली, तर खालच्या इंका भिंती टिकून राहिल्या आणि अधिक उघड्या पडल्या. आत झुकलेल्या भिंती आणि वर निमुळती होत जाणारी दारे-खिडक्या यांचे कारण अभियंत्याला समजावून सांगण्याची गरज नाही.

आपल्या व्यवसायाच्या दृष्टीने आम्ही मात्र पाण्याकडे अधिक लक्ष द्यायला सांगू. माचू पिचूला सुमारे ७५० मीटर लांबीच्या दगडी पाटाने झऱ्याचे पाणी आणून ते एकाखाली एक अशा १६ कुंडांतून खेळवले आहे. पंधराव्या शतकाच्या मध्याला, पाचाकुती या राजाच्या काळात उभारलेली ही वस्ती इतक्या पावसाळी डोंगरधारेवर शेकडो वर्षे ओस पडूनही घसरली नाही, याचे श्रेय पायऱ्यांच्या शेतांखाली घातलेल्या दगड-खडीच्या निचऱ्याच्या थरांना आहे. अमेरिकी संशोधक हायरम बिंगहॅम १९११ मध्ये तेथे पोहोचला, तेव्हा झाडीखाली भिंती उभ्याच होत्या. वेळ असल्यास कुस्कोच्या आग्नेयेकडील तिपोन पाहावे. तेथील पाट आजही वाहतात आणि गर्दी फार कमी असते. गटसहली सहसा तेथे जात नाहीत.

प्रश्न : साल्हेर, हरिहर, कळसूबाई अनेकदा केले आहे. इंका वाट मार्गदर्शकाशिवाय एकट्याने चालता येईल का? — एक वाचक, सिडको

उत्तर : येणार नाही. माचू पिचूला नेणारी चार दिवसांची पारंपरिक इंका वाट परवानाधारक संस्थेमार्फतच चालता येते. दिवसाला ५०० जणांनाच परवानगी मिळते आणि त्यात हमाल व मार्गदर्शकही मोजले जातात. फेब्रुवारीत वाट बंद असते. मे ते सप्टेंबर या कोरड्या काळातील परवाने कित्येक महिने आधी संपतात. वाटेतील सर्वांत उंच खिंड ४,२१५ मीटरवर आहे; साल्हेरच्या १,५६७ मीटरवर दमसास कसाही असला, तरी त्या उंचीवर तो गृहीत धरू नये. परवाना न मिळाल्यास विन्याय वायना या इंका अवशेषांवरून जाणारी छोटी वाट विचारात घ्यावी, मात्र परवाना आणि मार्गदर्शक तिलाही लागतो.

प्रश्न : आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत आणि माझी संकष्टी असते. तेथे उपास निभेल का? — एक वाचक, पंचवटी

उत्तर : उत्तम निभेल. बटाटा मूळचा अँडीजचाच. शेंगदाणे, मिरची आणि ज्यापासून साबुदाणा होतो तो कंद ही सगळी दक्षिण अमेरिकेची देणगी. आपल्या खिचडीत खरे परके तेथे जिरे आणि तूप ठरतील. राजगिऱ्याची भावंडेही बाजारात मिळतात. उपास नसलेल्या दिवशी किन्वा या तेथील धान्याचे सूप मागताना मात्र ते मांसाच्या पाण्यात शिजवलेले नाही, हे विचारून घ्यावे. ‘मांस नको’ एवढे म्हटल्याने कोंबडीही वगळली जाते असे नाही. खासगी मार्गदर्शकाने आचाऱ्याशी स्पॅनिशमध्ये बोलून घेतले तर हा प्रश्न सुटतो.

प्रश्न : व्हिसा, लस आणि परत येतानाचे नियम थोडक्यात सांगावेत. — एक वाचक, कॉलेज रोड

उत्तर : अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेन देशांचा किमान सहा महिने मुदत उरलेला व्हिसा असल्यास भारतीय पर्यटकांना पेरूचा वेगळा व्हिसा घ्यावा लागत नाही, अशी सवलत २०१७ पासून आहे. तिकीट काढण्यापूर्वी पेरूच्या दिल्लीतील दूतावासाकडून तिची खातरजमा करावी. पेरू पीतज्वराच्या (यलो फीवर) देशांत मोडत असल्याने भारतात परतताना त्या लसीचे प्रमाणपत्र तपासले जाते. ते लस घेतल्यापासून दहा दिवसांनी ग्राह्य होते, म्हणून मुंबईतील सरकारमान्य केंद्राची वेळ लवकर घ्यावी. कुस्कोत हॉटेलमध्ये शिरताच कोकाच्या पानांचा चहा पुढे येतो आणि तो तेथे पूर्णपणे कायदेशीर आहे. पण कोकाची पाने भारताच्या १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येतात, त्यामुळे त्या चहाच्या पुड्या शेजाऱ्यांना वाटण्यासाठी सामानात भरू नयेत.