नोकरीचं काय झालं? : वाचकांची पत्रं

मॅडम, माझा मेकॅनिकलचा डिप्लोमा झालाय, फर्स्ट क्लास. गाव गडहिंग्लज तालुक्यात. सहा महिने मोबाईलवरनं रोज अप्लाय करतोय, सत्तर-ऐंशी ठिकाणी तरी सीव्ही गेला असेल, एक फोन नाही. आधी घरात विचारायचे, आता कोण विचारत पण नाही, त्याचंच जास्त लागतं. माझं काय चुकतंय?

हे बघ बाळा, चुकत फार नाहीये, फक्त तू जिथं शोधतोयस तिथं तुझी नोकरी नाहीये. मी एका फौंड्रीत, म्हणजे धातू ओतून पार्ट बनवतात त्या कारखान्यात, बरीच वर्षं भरतीचं काम बघितलं, तिथलं सांगते. तीस-चाळीस माणसांचं मशीन शॉप असतं, मालक सुपरवायझरला म्हणतो एखादा पोरगा बघ, सुपरवायझर चहाच्या वेळी ऑपरेटरला सांगतो, आणि दोन दिवसांत कुणाचातरी मावसभाऊ येऊन उभा राहतो. संपलं. जाहिरात निघतच नाही. निघाली तर गेटवर एक कागद चिकटवतात, ‘सीएनसी ऑपरेटर पाहिजेत’, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी मशीन चालवणारे, तो मोबाईलवर कुठनं दिसणार?

म्हणून चार दिवस काढ आणि हिंड. कोल्हापूरच्या आसपासच्या एमआयडीसी, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलची पंचतारांकित, आणि कोल्हापूर गावातलं उद्यमनगर विसरू नको, लहान शॉपमध्ये काम जास्त शिकायला मिळतं. सोमवारी जाऊ नको, बऱ्याच ठिकाणी सुट्टी असते, तू गडहिंग्लजवरनं एसटीनं येणार आणि बंद गेट बघून परत जाणार. शिफ्ट बदलायच्या टायमाला पण नको, त्यावेळी सुपरवायझर कुणाचंच ऐकायच्या मनःस्थितीत नसतो. साडेदहा-अकरा बरं. आणि वॉचमनमामांशी नीट बोल, आत कुणाला भेटायचं, साहेब कधी मोकळे असतात हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं. एक वही ठेव, कुठल्या कंपनीत कधी गेलो, कोण भेटलं, आणि आठ दिवसांनी एक फोन कर. एकच, रोज नाही.

आता सीव्ही. तुझा मी बघितला नाही पण पैज लावते, वरतीच ‘हार्डवर्किंग, सिन्सिअर, टीम प्लेअर’ असणार आणि खाली छंद क्रिकेट. ते सगळं काढ. पहिल्या अर्ध्या पानात कुठलं मशीन चालवलंय, कंट्रोलर फॅनुक होता का सिमेन्स, ड्रॉइंग वाचता येतं का, कुठली मेजरिंग इन्स्ट्रुमेंट हाताळलीस, हे यायला पाहिजे. कॉलेजच्या प्रॅक्टिकललाच हात लावला असेल तर तसंच लिही, खोटं सहा महिने लावू नको, मशीनसमोर उभं केलं की दोन मिनिटांत कळतं.

कसं कळतं ते पण सांगते. आमचे एक सुपरवायझर मुलाखतीत प्रश्नच विचारायचे नाहीत. टेबलावर एक टर्न केलेला जॉब, म्हणजे लेथवर कापलेला गोल तुकडा, आणि मोजायचा व्हर्निअर ठेवायचे, म्हणायचे बाहेरचा डाया, म्हणजे व्यास, सांग. बहुतेक पोरं गडबडीनं मोजून आकडा सांगायची. एक पोरगा आला, शर्ट साधाच, मराठी पण अडखळत बोलत होता, त्यानं खिशातला रुमाल काढून आधी व्हर्निअरचे जबडे पुसले, मग ते मिटवून शून्याला शून्य जुळतंय का बघितलं, मग जॉब पुसला, आणि दोन ठिकाणी मोजून आकडा सांगितला. आकडा सांगायच्या आधीच सुपरवायझर माझ्याकडं बघून मान हलवत होते! लीस्ट काउंट, झिरो एरर, मायक्रोमीटर, एवढं तरी घरनं पक्कं करून जा.

आणि काहीच जमत नसेल तर ॲप्रेंटिसशिप कमी लेखू नको. डिप्लोमावाल्यांना नॅट्सच्या, म्हणजे सरकारी ॲप्रेंटिसशिप योजनेच्या, पोर्टलवर नाव नोंदवता येतं, एक वर्ष असतं, स्टायपेंड पगारापेक्षा कमी असतो खरा, पण वर्षानं तुझ्या त्या अर्ध्या पानात लिहायला खरोखरचं काहीतरी असेल.

ताई, बी.कॉम. झालंय, टॅली येतं, एका सीएंकडं दीड वर्ष काम केलंय. पुण्याच्या कंपनीचा व्हिडिओ इंटरव्ह्यू आहे. अडचण अशी की मुलगी असून लहानपणापासनं तोंडात ‘मी येतो, मी करतो’ असंच बसलंय, मैत्रिणी म्हणतात पुण्याचे लोक हसतील.

हसले तर हसू देत. मी स्वतः आयुष्यभर ‘मी जातो’ म्हणत आले, आत्ता लिहिताना तेवढं सांभाळते! अगं, त्यांना हिशेब जुळवणारी मुलगी पाहिजे, निवेदिका नको. तू भाषेवर चार दिवस घालवलेस आणि जीएसटीआर-1 आणि 3बी या जीएसटीच्या दोन रिटर्नमध्ये फरक काय यावर गप्प बसलीस तर मात्र अवघड. 2बी शी, म्हणजे पोर्टलवर दिसणाऱ्या खरेदीच्या क्रेडिटच्या यादीशी, खरेदी कशी जुळवतेस, बँक रिकन्सिलिएशनमध्ये चेक वटला नसेल तर काय करतेस, हे विचारणार म्हणजे विचारणारच.

‘तुमच्याबद्दल सांगा’ म्हटलं की नाव, गाव, वडील काय करतात तिथनं सुरू करू नको, ते त्यांच्यासमोर कागदावर आहे. सरळ म्हण, ‘दीड वर्ष सीएंच्या ऑफिसात होते, इतक्या पार्ट्यांच्या एंट्र्या आणि रिटर्न मी बघत होते, एका पार्टीचा असा फरक निघत होता तो असा शोधला.’ एक खरा किस्सा तयार ठेव, एवढं बास. सीएंच्या क्लायंटची नावं मात्र घेऊ नको. मोबाईल हातात धरू नको, पुस्तकांच्या थप्पीला टेकव, खिडकी तोंडासमोर येऊ दे, पाठीमागं नको, आणि लाईट जायची भीती असेल तर नेटपॅक आधीच मारून ठेव.

पगाराचं विचारायला लाजू नको. सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुझ्यावरचा एकूण खर्च, सांगतील, तू विचार हातात किती. सीटीसीत कंपनीच्या वाट्याचा पीएफ धरलेला असतो, कधीकधी ग्रॅच्युइटी पण, आणि तुझ्या वाट्याचा बेसिकवरचा 12 टक्के पीएफ पगारातनं जातो तो वेगळाच. पुण्यात कॉट बेसिसवर राहायचं म्हटलं तरी खोलीभाडं, मेस आणि बस धरून आधी आकडा मांड. तुला तर ते शिकवायला नको.

एअरपोर्टवर ग्राउंड स्टाफचा जॉब लागलाय असा फोन आला, युनिफॉर्म आणि रजिस्ट्रेशनचे 2,850 रुपये भरा, नंतर परत मिळतील म्हणतात. भरू का?

नको. नोकरी देणारा पगार देतो, मागत नाही. भरलेच असतील तर लाजत घरात बसू नको, लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाईनला फोन कर, जितका उशीर तितके पैसे पुढं सरकतात. ओरिजिनल मार्कलिस्ट पण कुणाच्या हातात ठेवू नको, दाखवायची आणि परत घ्यायची.

इंटरव्ह्यूला कोल्हापुरी चप्पल चालेल का?

ऑफिसात कोण काय म्हणणार नाही, उलट कुठनं घेतली विचारतील. पण फौंड्रीत असेल तर बूट घाल, नाहीतर ‘चला, शॉप दाखवतो’ म्हणायचे आणि तू दारातच.